शरद ऋतूतलं सात्त्विक सूप: कढणापासून सुरुवात

आश्विन लागला की दुपारी उन्हाचे चटके बसतात आणि पहाटे मात्र पायांवर पांघरूण ओढावंसं वाटतं. याच दिवसांत अनेकांना घशाशी आंबट येतं, डोळ्यांची आग होते, तोंड येतं, अंगावर पित्त उठतं. ‘वैद्यानां शारदी माता’ असं जुनं वचन आहे. वैद्यांचं पोट चालवणारी आईच जणू, इतके रुग्ण हा ऋतू त्यांच्याकडे पाठवतो. आयुर्वेदाचं म्हणणं असं की पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हानं उसळतं, म्हणून या दिवसांत गोड, कडू आणि तुरट चवीचं, पचायला हलकं जेवण घ्यावं.

सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते दाट, वाफाळतं, मिरपूड भुरभुरलेलं आणि वर मलईची रेघ सोडलेलं. ते पौषात करा. महाराष्ट्रातल्या आश्विन-कार्तिकासाठी, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, सूप पातळ हवं, कमी तिखट हवं, कोमट हवं. हे एकदा मनात ठसलं की पुढची कृती अवघड नाही. शिवाय हे पदार्थ आपल्या घरात आधीपासून आहेतच. आपण त्यांना कढण म्हणतो, सार म्हणतो, कळण म्हणतो. संस्कृतात त्यालाच यूष म्हणतात.

आधी ‘सात्त्विक’ म्हणजे काय ते पाहू

गीतेच्या सतराव्या अध्यायात आठव्या श्लोकात सात्त्विक आहाराची चार विशेषणं आहेत: रस्य, स्निग्ध, स्थिर आणि हृद्य. म्हणजे रसाळ, थोडा स्निग्ध, शरीरात टिकणारा आणि मनाला आवडणारा. तूप घातलेलं मुगाचं कढण या चारही शब्दांत बसतं. पुढच्या श्लोकात राजस आहार येतो. तिथे पहिला शब्द आहे ‘कटु’, आणि नवे लोक इथेच हमखास गोंधळतात. संस्कृतातला कटु म्हणजे आपला तिखट. आपण ज्याला कडू म्हणतो त्याला संस्कृतात तिक्त म्हणतात. तेव्हा सात्त्विक जेवणात कारलं चालत नाही असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. कमी करायची आहे ती मिरची.

दहाव्या श्लोकात तामस आहाराचं वर्णन करताना ‘यातयाम’ हा शब्द येतो. शिजवून प्रहर उलटून गेलेलं अन्न, असा त्याचा अर्थ लावतात. प्रहर म्हणजे तीन तास. रविवारी पातेलंभर सूप करून ते बुधवारपर्यंत फ्रिजमधून काढत राहायचं, हे या विचारात बसत नाही. एका वेळेला लागेल तेवढंच करा. वेळ नसेल तर डाळ भिजवून ठेवा, भाजी धुऊन ठेवा, पण शिजवणं आणि खाणं यांत अंतर ठेवू नका. माझ्या मते कांदा-लसूण वगळण्यापेक्षा हा नियम जास्त महत्त्वाचा आहे, आणि पाळायला जास्त कठीणही.

कांदा-लसणाचं म्हणाल, तर ज्या घरांत चातुर्मास पाळतात तिथे तो प्रश्नच येत नाही. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठ खाऊन झालं की कांदा, लसूण, वांगं बंद. शरद ऋतू या चातुर्मासाच्या शेवटच्या टप्प्यात येतो. हिंगाबद्दल मात्र घरोघरी वेगळं मत आहे. काही साधक तो उग्र म्हणून टाळतात, बहुतेक घरांत चिमूटभर चालतो. मी डाळीच्या सुपात घालते, भोपळ्याच्या सुपात घालत नाही.

सामान

मुगाची डाळ, साजूक तूप, जिरं, धणे, बडीशेप, हळद, आलं, कढीपत्ता, कोथिंबीर, ओला नारळ आणि सैंधव. एवढ्यात हा सगळा ऋतू निघतो. मोहरी उष्ण, म्हणून फोडणी जिऱ्याची. लाल तिखट डब्यातच राहू द्या. सैंधवाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: बाजारातल्या सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरातलं सगळं मीठ बदलून टाकू नका, सुपापुरतं सैंधव वापरा.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर आणू नका. मूगडाळ, मूठभर तांदूळ किंवा नारळ यांनी येतो तेवढा दाटपणा पुरतो. सुपात दूध किंवा मलईही घालू नये, कारण दूध आणि मीठ एकत्र करणं आयुर्वेदात विरुद्ध आहार मानतात. मऊपणा हवा असेल तर नारळाचं दूध आहेच.

भांडी म्हणाल तर जाड बुडाचं पातेलं, रवी, गाळणं आणि मिक्सर.

पहिलं सूप: मुगाचं कढण

सुरुवात इथूनच करा, आणि हे नीट जमेपर्यंत दुसरं करू नका. यूष करताना डाळीच्या अठरापट पाणी घ्यावं असं जुन्या वैद्यकग्रंथांत सांगितलंय. घरच्या मापात ते सोपं आहे: पाव वाटी डाळ आणि साडेचार वाट्या पाणी. माझी वाटी १५० मिलीलिटरची आहे. एवढ्यात दोन माणसांचं होतं.

सालं काढलेली मुगाची डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. पातेल्यात पाणी उकळत ठेवा. उकळी आली की निथळलेली डाळ, पाव चमचा हळद आणि आल्याच्या दोन पातळ चकत्या घाला. आता पाच मिनिटं गॅसपाशी उभं राहायचं. वर पांढरा फेस येतो तो पळीनं अलगद काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण फेस काढलेल्या कढणाची चव स्वच्छ लागते आणि ते उतूही जात नाही. मग आच मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि पंचवीस ते तीस मिनिटं शिजू द्या.

डाळ बोटात धरली की पीठ व्हायला हवी. आल्याच्या चकत्या काढून टाका आणि रवीनं घुसळा. मिक्सर इथे नको. मिक्सरनं ते गुळगुळीत पण चिकट होतं, रवीनं घुसळलं की थोडे कण राहतात आणि जिभेला ते बरे वाटतात. अगदी पातळ हवं असेल, आजाऱ्यासाठी किंवा पोट बिघडलेलं असताना, तर वरचं पाणी तेवढं गाळून घ्या. मीठ शेवटी घाला.

फोडणीसाठी लहान कढईत एक चमचा तूप, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, कढीपत्त्याची चार-पाच पानं. जिरं तपकिरी झालं की लगेच कढणावर ओता. काळं झालं तर ती फोडणी टाकून नवी करा, कारण जळक्या जिऱ्याचा वास सगळ्या पातेल्याला लागतो. वर चिमूटभर धणेपूड आणि कोथिंबीर.

कुकरमध्ये करायचं असेल तर पाणी साडेतीन वाट्या घ्या, कुकर अर्ध्याहून कमी भरा आणि तीन शिट्ट्या करा. डाळ भिजवलेली असेल तर तेवढं पुरतं. उरलेलं पाणी घुसळताना गरमच घालायचं. गार पाणी घातलं की डाळ खाली बसते आणि वर पाणी वेगळं दिसतं.

लिंबू पिळायचा मोह होईल. या ऋतूत आंबट कमीच करायचंय, म्हणून अगदीच फिकं लागत असेल तर दोन-चार थेंब, त्याहून जास्त नको.

दुसरं: दुधी आणि पडवळ

शरदाच्या पथ्यात आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं साळीचा भात, मूग, आवळा यांच्याबरोबर पटोल सांगितलंय. पटोल म्हणजे मूळचं कडू पडवळ. आपल्या बाजारातलं लांब पडवळ त्याचं गोडसर भावंड म्हणा. भाद्रपदात पितृपक्षाच्या स्वयंपाकात पडवळाची कढी होतेच, तेव्हा या दिवसांत ते मंडईत सहज मिळतं. कोवळं घ्या, नखानं खरवडल्यावर लगेच ओल दिसली पाहिजे.

पाव किलो दुधी, शंभर ग्रॅम पडवळ आणि एक टेबलस्पून भिजवलेली मूगडाळ.

चिरायच्या आधी दुधीचा एक लहानसा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी सगळाच फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही, आणि कडू दुधीतल्या द्रव्यांनी उलट्या, रक्तस्राव, जिवावर बेतणारा त्रास झालेला आहे. पडवळ, दोडका, काकडी यांनाही हाच नियम. शरदात कडू रस चांगला असतो हे खरं, पण तो कारलं, मेथी, कडुनिंब यांच्यातला, जिथे कडूपणा स्वभावाचा आहे. एरवी गोड असणारा दुधी कडू लागतो तेव्हा तो विषारी झालेला असतो. ही एक गोष्ट लेखातून उचलली तरी पुरे.

पडवळातल्या बिया आणि कापूस खरवडून काढा, दोन्ही भाज्यांच्या फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपात जिरं फुलवा, फोडी दोन मिनिटं परता, डाळ आणि चार वाट्या पाणी घाला. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं, डाळ विरघळेपर्यंत शिजवा. मग गॅस बंद करून थांबा. गरम सूप बंद मिक्सरमध्ये फिरवलं की वाफेनं झाकण उडतं. माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे. कोमट झाल्यावर दोन चमचे ओल्या नारळाबरोबर वाटा, पुन्हा पातेल्यात घालून गरम करा, सैंधव घाला. वरून कोरडी भाजून भरड कुटलेली बडीशेप, अर्धा चमचा. दुधीचं सूप बेचव लागतं अशी तक्रार करणाऱ्यांनी ही बडीशेप घालून पाहावी.

तांबडा भोपळा

मुलांना देण्यासाठी सगळ्यात सोपं. कुणाकडे याला लाल भोपळा म्हणतात, कुणाकडे डांगर. तीनशे ग्रॅम भोपळ्याच्या फोडी, एक टेबलस्पून आंबेमोहोर तांदूळ, अर्धा चमचा जिरं आणि तीन वाट्या पाणी असं सगळं एकत्र कुकरला लावा. तांदळानं दाटपणा येतो. वाटून झाल्यावर गॅसवर ठेवा, गरम झालं की आच बंद करा आणि मगच अर्धी वाटी नारळाचं दूध घाला. घातल्यावर उकळू नका, फाटतं. भोपळा मुळात गोड असतो, साखर लागत नाही.

नवरात्रात उपास करणाऱ्यांना हेच सूप तांदळाऐवजी चमचाभर राजगिऱ्याच्या पिठानं करता येतं. पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या सुपात सोडा आणि पाच मिनिटं ढवळत शिजवा. उपासाला जिरं आणि कोथिंबीर चालते की नाही, हे आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे.

तांदुळजा

पालेभाज्यांत शरदासाठी माझी पहिली निवड तांदुळजा, ज्याला काही भागांत चवळई म्हणतात. थंड, हलकी, आणि पित्त वाढलेल्याला वैद्य आवर्जून सांगतात ती हीच. पालकाचं सूप सगळे करतात म्हणून पालकच घ्यायला हवा असं काही नाही. तांदुळजा नाही मिळाला तर लाल माठ घ्या, सुपाचा रंगही सुंदर येतो.

पावसाळा नुकताच सरलेला असतो, पालेभाजीत माती असते. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवून वर काढा, पाणी ओतून द्या, असं तीनदा करा. कोवळे देठ टाकू नका. मुगाचं कढण पहिल्या कृतीप्रमाणे तयार ठेवा, उकळत्या कढणात मूठ-दोन मुठी चिरलेली पानं घाला आणि झाकण न ठेवता पाच मिनिटं शिजवा. वाटा किंवा तसंच ठेवा. मी वाटत नाही. तुपाची फोडणी आणि किसलेलं आलं थोडंसं, बस.

कार्तिकातलं: आवळ्याचं सार

कार्तिक शुद्ध नवमीला आवळा नवमी. आवळीच्या झाडाखाली पानं मांडून जेवायचं, त्याला आवळी भोजन म्हणतात. नवे आवळे बाजारात येऊ लागतात ते याच सुमारास. आवळा आंबट आहे, मग पित्तात कसा चालतो? वैद्यकात याला अपवाद मानलंय: आवळा आंबट असूनही पित्त शमवतो. वाग्भटाच्या शरदातल्या यादीत त्याचं नाव आहेच.

दोन मोठे आवळे चाळणीवर दहा मिनिटं वाफवा, पाकळ्या सुटल्या की बिया काढा. अर्धी वाटी ओला नारळ, अर्धा चमचा जिरं, लहानसा आल्याचा तुकडा आणि आवळे एकत्र अगदी बारीक वाटा. तीन वाट्या कोमट पाणी घालून गाळा. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात कुस्करून पिळून घ्या, अर्क त्यातच असतो. सैंधव आणि सुपारीएवढा गूळ घालून मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. उकळी फुटू देऊ नका. वरून तूप-जिऱ्याची फोडणी आणि कढीपत्ता.

हे सार भातावर घ्यायलाही छान, नुसतं वाटीतून प्यायलाही. टोमॅटोचं सार या दिवसांत बाजूला ठेवा. दह्याचंही तसंच: शरदात दही वर्ज्य सांगितलंय. पडवळाची कढी करायची असेल तर लोणी काढलेल्या ताज्या, गोड ताकाची करा.

कधी आणि किती

सकाळच्या न्याहारीला एक वाटी कढण किंवा संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास सूप आणि मऊ भात. रात्री उशिरा नको. शरदात पोट तुडुंब भरू नये असं शास्त्र सांगतं, आणि जेवणाआधी वाटीभर सूप घेतलं की ते आपोआप जमतं. ओठांना सोसेल इतपत कोमट प्या, चटका देणारं नको.

पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस फक्त मुगाचं कढण करा. चौथ्या दिवशी त्यात तांदुळजा घाला. दुधी-पडवळ आणि भोपळा नंतर. रोज नवी कृती शोधणाऱ्यांचा उत्साह आठव्या दिवशी संपलेला मी पाहिलाय. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा डाळ, पालेभाजी, मीठ यांचं पथ्य असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असणाऱ्यांनी भोपळ्याच्या सुपातला तांदूळ आणि आवळ्याच्या सारातला गूळ वगळावा.

परदेशात असाल तर

लंडन, न्यू जर्सी, टोरांटो इथल्या घरांतून विचारणा येते की हेच सूप तिकडे करायचं का. तिकडचा ऑक्टोबर वेगळा. पानं गळतात, वारा गार आणि कोरडा असतो, ओठ फुटतात. आयुर्वेदाच्या भाषेत ती वाताची लक्षणं. तिथे कढण दाट करा, म्हणजे डाळीच्या दहापट पाणी पुरे. तूप दुप्पट, आलं जास्त, दोन-चार मिरे ठेचून घाला आणि गरमच प्या. तिथे मिळणारा बटरनट भोपळा, गाजर, रताळं या सगळ्यांची वर दिलेल्या भोपळ्याच्या पद्धतीनं सुपं होतात. डब्यातल्या नारळाच्या दुधाऐवजी गोठवलेला किसलेला नारळ आणून घरी दूध काढा. मेलबर्न-सिडनीकडच्यांनी तर पंचांग पाहूच नये: तिथे पानगळ मार्च ते मे, आणि आपल्या आश्विनात तिथे वसंत असतो. खिडकीबाहेर पाहून ठरवा.

महाराष्ट्रातही हा ऋतू सरकत जातो. कोजागिरीला पातळ कढण बरं वाटतं, पण दिवाळीनंतर पहाटे अंगावर शहारा येऊ लागतो. तेव्हा त्याच पाव वाटी डाळीला चार वाट्या पाणी करा, आल्याच्या चकत्या दोनाच्या चार करा. कुळीथ मात्र अजून काढू नका, तो उष्ण आहे. कार्तिकी एकादशी होऊ द्या, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगे होऊ द्या, थंडी नीट पडू द्या. मग कुळथाच्या कळणाचं पातेलं चुलीवर चढवा.